नऊशे नव्व्याण्णव कोटी ऐंशी लाख नव्व्याण्णव

इल्मा नेनी, म्हणजे आमच्या इल्मा मावशी, आयुष्यात कुणाशी भांडल्या नाहीत, आणि माझ्या मते त्यांचं सगळं वाटोळं त्यानेच झालं. माणसाने भांडावं. मी सेगेद शहरातल्या या इमारतीची राखणदारीण. जिने मी झाडते, कोळसा तळघरात मी उतरवून घेते, रात्री फाटक मी लावते, आणि दिवसातून एकदा तरी कुणाला फैलावर घेतल्याशिवाय मला जेवण जात नाही. नवरा होता तोवर त्याच्याशी भांडायचे, तो गेल्यावर पहिल्या मजल्यावरच्या बोद्रोगीशी भांडते. निदान कुणाच्या पोटात काय आहे ते कळतं तरी. नेनींच्या पोटातलं बाहेर काढायला मला वर्षं लागली, आणि तीही मी नाक खुपसणारी बाई आहे म्हणून.

त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, सज्ज्याच्या टोकाच्या खोलीत. उंच, काटकुळ्या, केसांत कायम एक पेन्सिल खोचलेली. नवरा लढाईत डोन नदीकडच्या आघाडीवर गेला तो गेलाच. मेल्याचा कागद आला नाही आणि माणूसही आला नाही. नोव्हेंबरात सगळं गाव शेवंतीची फुलं घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींवर जातं. नेनींना जायला कबर नव्हती. कबरस्तानातल्या मोठ्या क्रुसापाशी एक मेणबत्ती लावायच्या आणि सगळ्यांच्या आधी घरी परत यायच्या. एकदा कुणीतरी त्यांना विधवा म्हणालं, तर शांतपणे म्हणाल्या, "तसं अजून काही ठरलेलं नाही."

जमीनमोजणीच्या कचेरीत त्या आकडेमोड करायच्या. मोजणीदार रानात दुर्बिणी लावून कोन मोजायचे, आणि इथे बसलेली माणसं हातयंत्राची मूठ गरागरा फिरवून त्या कोनांचं काय करायचं ते करायची. त्या कचेरीत एक कायदा होता. प्रत्येक हिशेब दोघांनी करायचा, दोन वेगळ्या खोल्यांत बसून. एकमेकांना विचारायचं नाही, आपलं उत्तर आधी सांगायचं नाही, चेहऱ्यावरसुद्धा दाखवायचं नाही. दोघांचे कागद तिसऱ्याच्या टेबलावर जायचे. हा तिसरा म्हणजे गेदेओन बाची, आमचे गेदेओनकाका, जाड भिंगांचा म्हातारा. तो दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचा, बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "मिळतात." नाही मिळाले तर चूक कुणाची ते न सांगता दोघांनाही परत बसवायचा.

नेनींच्या जोडीचा दुसरा कागद वीस वर्षं एकाच माणसाचा असायचा. त्याचं नाव तिवादार. ब्रह्मचारी, कडक इस्त्रीचा, भिंतीपलीकडच्या खोलीत बसणारा.

मी एकदा विचारलं, "नेनी, वीस वर्षांत त्या माणसाशी बोललात काय?"

"थंडी पडली, असं म्हणायचो. नाताळात शुभेच्छा द्यायचो."

"आणि बाकी?"

"बाकी काय, कामाचंच. आणि कामाचं बोलायला बंदी होती."

मी कपाळावर हात मारला. आता बोला! माझा नवरा मला भाजीबाजारात भेटला, तिसऱ्या दिवशी आमचं भांडण झालं आणि चौथ्या महिन्यात लग्न.

मग कचेरीत विजेवर चालणारं कपाटाएवढं यंत्र आलं. ते चूक करत नाही म्हणे, म्हणून त्याला दुसरा कागद लागत नाही आणि तिसरा माणूसही लागत नाही. सगळ्यांना पेन्शन देऊन घरी पाठवलं. गेदेओन बाची त्याच हिवाळ्यात वारला. तिवादार माको गावी बहिणीकडे राहायला गेला. जायच्या दिवशी कचेरीच्या बोळात तो नेनींसमोर उभा राहिला, टोपी हातात घेऊन, आणि म्हणाला, "इल्मा, एक संख्या आहे. फुटते का बघा. मीही बघतो." आणि एवढंसं चिठोरं देऊन निघून गेला. चिठोऱ्यावर फक्त आकडा होता. ९९९८०००९९. नाही, थांबा, चुकले. मी लिहिते तेव्हा एक शून्य खातेच, नेनी असत्या तर त्यांनी परत बसवलं असतं. ९९९८००००९९. नऊशे नव्व्याण्णव कोटी ऐंशी लाख नव्व्याण्णव.

"फुटते म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"समज, तू जर्दाळूचे गोळे केलेस. पंधरा झाले, तर तीन ताटांत पाच-पाच बसतात. पंधरा फुटली. पण सतरा झाले, तर किती ताटं मांडलीस तरी सारखे वाटले जात नाहीत. एक तर एकाच ताटात सगळे, नाही तर सतरा ताटांत एकेक. अशा संख्येला मूळ संख्या म्हणायचं."

"म्हणजे आमची सासू."

नेनी हसल्या. त्यांचं हसणं म्हणजे नाकातून थोडा वारा जायचा, इतकंच.

एवढी मोठी संख्या फुटते का नाही, हे बघायचं तर तिला सगळ्या मूळ संख्यांनी एकेक करून भागायचं. दोनाने, तिनाने, पाचाने, साताने, असं करत जवळजवळ लाखापर्यंत जायचं. कचेरीतून आणलेला मूळ संख्यांचा छापील तक्ता नेनींकडे होता, लाखापर्यंतचा. हातयंत्र कचेरीतच राहिलं, त्यामुळे सगळं पेन्सिलीने. दुपारचं जेवण झालं की टेबल पुसायच्या आणि बसायच्या, चर्चची संध्याकाळची घंटा होईपर्यंत. दिवसाला पाचसहा भागाकार. जास्त केले तर चूक होते म्हणायच्या.

आणि दर शनिवारी माकोहून कार्ड यायचं. कार्डावर ना "प्रिय", ना "आपला", ना तब्येत, ना हवा. फक्त एक आकडा. इथवर आलो, एवढाच त्याचा अर्थ. नेनीही त्याच दिवशी आपला आकडा लिहून पाठवायच्या. टपाल माझ्या हातून जायचं, म्हणून मला ठाऊक. सुरुवातीला माझीही मती गुंग झाली. बोद्रोगीने तर शोध लावला की हे दोघं मिळून लॉटरीचं गणित बसवतायत.

"बोर्चा, तू फक्त मला कार्ड दाखव," तो माझ्या दारात उभा राहून म्हणायचा. "अर्धा वाटा तुझा."

"तुझ्या अर्ध्या वाट्यात काय येतं ते मला माहीत आहे. गेल्या महिन्याचा कोळसा कुणी उचलला आधी ते सांग."

पण दाखवायचे. चाळा म्हणून. ४१२६९ आलं की हा पठ्ठ्या चार, बारा, एकेचाळीस, एकोणसत्तर असलं काहीतरी जुळवून तिकीट भरायचा. एकदा दोन आकडे लागले. तेवढ्यावर त्याने आठवडाभर सोडा घालून वाइन ढोसली आणि सज्ज्याखाली उभा राहून नेनींना टोपी काढून सलाम केला. नेनींनीही वरून मान लववली. कशाबद्दल, ते त्यांनी विचारलं नाही.

अशी सहा वर्षं गेली. लोक म्हणायचे, म्हातारीला खूळ लागलंय. मला तसं वाटायचं नाही. मला आपलं वाटायचं, बाईला शनिवार आहे. इथे पुष्कळांना तोही नसतो.

त्र्याहत्तरच्या वसंतात कार्डावर आकडा आला ९९९७१. पुढच्या शनिवारी परत ९९९७१. नेनींच्या कार्डावरही तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. मे गेला, जून गेला, तिस्सा नदीवर पोरं पोहायला लागली, आणि यांचं आपलं इकडून ९९९७१, तिकडून ९९९७१. टपालवाली मला म्हणाली, "बोर्चा, यांची शाई वाळली का गं?" बोद्रोगीने लॉटरी सोडून दिली.

ऑगस्टमध्ये माझ्याच्याने राहवेना. टोपलीत अंडी घेतली, वर गेले आणि त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले.

"नेनी, खरं सांगा. अडलंय कुठे?"

"कुठे नाही. एकच भागाकार राहिलाय. ९९९८९ने भागायचं. तो शेवटचा."

"मग भागा की! सहा वर्षं गाढवासारखं राबलात आणि आता दारात येऊन बसकण?"

त्या माझ्या टोपलीतली अंडी काढून टेबलावर मांडायला लागल्या. टोपलीत होती तेवढी सगळी मांडून झाली, पुरेनात, तर मग त्यांनी पेन्सिलीने कागदावर टिंबं काढली. बारा ओळी, ओळीत बारा.

"बारा बारे किती?"

"एकशे चव्वेचाळीस. एवढी अडाणी नाही मी."

"आता बाराच्या अलीकडचा अकरा घे आणि पलीकडचा तेरा घे. अकरा तेरे?"

मला जरा वेळ लागला. "एकशे त्रेचाळीस."

"एकच कमी. हे नेहमी असंच होतं. कुठलाही आकडा घे, त्याचा वर्ग कर, त्यातून एक काढ, की तो अलीकडच्या आणि पलीकडच्या आकड्यांचा गुणाकार निघतो." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "बोर्चा, भागायला बसण्याआधी कुठवर भागायचं, म्हणजे कुठल्या आकड्याचा वर्ग त्या संख्येला गाठतो, ते काढावं लागतं. ते मी पहिल्याच संध्याकाळी काढलं. ९९९९० चा वर्ग केला. तो तिवादारांच्या संख्येपेक्षा बरोब्बर एकाने जास्त आला."

मी पुन्हा त्या टिंबांकडे बघितलं.

"म्हणजे संख्या फुटते," त्या म्हणाल्या. "९९९८९ गुणिले ९९९९१. तक्त्यात बघितलं. तक्ता लाखापर्यंत आहे, आणि त्यातल्या अगदी शेवटच्या दोन मूळ संख्या या. शेवटच्या दोन, बोर्चा. एकीला कुणी फोडू शकत नाही, दुसरीला कुणी फोडू शकत नाही, आणि दोघींच्या मधे फक्त एक आकडा. वर वर गेलं की मूळ संख्या विरळ होत जातात. एक भेटली की दुसरी कुठल्या कुठे. आणि या दोघी म्हाताऱ्या वयात अशा शेजारी शेजारी. एवढ्या सगळ्या आकड्यांतून त्यांनी नेमक्या या दोन निवडल्या, त्यांचा गुणाकार केला आणि माझ्या हातात दिला. त्यांनी मला काय विचारलं ते तुला कळतंय ना?"

कळलं. गणित निम्मं कळलं, पण ते कळलं. आणि त्याच्या मागोमाग मला असा राग आला की काय सांगू.

"अहो बाई, पहिल्या संध्याकाळी कळलं? मग पहिल्या संध्याकाळीच लिहायचं ना, फुटते म्हणून!"

"आपलं उत्तर आधी सांगायचं नसतं."

"लग्न म्हणजे काय मोजणीचं खातं आहे?"

"त्यांनी तोंडाने विचारायला हवं होतं," नेनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढलेला मी ऐकला. "वीस वर्षं मी भिंतीला कान लावून त्यांच्या यंत्राची मूठ ऐकली. ते खोकले तरी मला कळायचं. नवरा येईल येईल म्हणून मी आधीच एक आयुष्य घालवलंय, बोर्चा. मला एकदा, एकदाच, कुणीतरी सरळ शब्दांत सांगायला हवं होतं. संख्या त्यांची, विचारणं त्यांचं. मी का आधी बोलू?"

"आणि मग हे सहा वर्षांचे भागाकार? उत्तर माहीत असताना?"

"कार्डावर 'इथवर आले' लिहायचं, तर इथवर यायला नको का? खोटं कसं लिहू?"

"आणि त्यांनीही केले असतील?"

"एकही गाळला नसेल," त्या म्हणाल्या, आणि त्यात मला चक्क अभिमान ऐकू आला.

मला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. त्यालाही उत्तर माहीत, हिलाही माहीत, आणि दोघं तोंडात मूग गिळून एका आकड्याच्या अलीकडे उभे. कचेरीत निदान गेदेओन बाची होता, दोघांचे कागद ओढून घेणारा. इथे तिसरं कोण? मी म्हटलं, मी लिहिते माकोला. तर नेनी अशा काही पांढऱ्या पडल्या की मी गप्प बसले. मग सप्टेंबरात कोळशाची गाडी आली, मग जिन्याचं छप्पर गळायला लागलं, आणि माझं माकोचं राहून गेलं.

नोव्हेंबरात नेनी क्रुसापाशी मेणबत्ती लावून आल्या. त्यानंतरच्या कुठल्याशा शनिवारी मी कार्ड वर नेऊन दिलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि बराच वेळ खिडकीशी धरून बघितलं. मी म्हटलं, "काय, नवीन आकडा?" "नाही," म्हणाल्या, "तोच." आणि दार लोटून घेतलं. तिथून पुढे त्या फारच मिटल्या. दुपारचं टेबल पुसायच्या, बसायच्या, पण पेन्सिल केसांतच. मला वाटलं, रुसल्यात. मनात म्हटलं, रुसा बाई, आता तरी राग बाहेर येऊ दे. पण शनिवारचं कार्ड चुकलं नाही. ९९९७१, दोन्हीकडून, सगळा हिवाळा.

मार्चमध्ये बर्फ वितळलं तसं मी ठरवलं की बस झालं. बोद्रोगीला फाटकाची किल्ली दिली, नेनींना सांगितलं की कांदे आणायला चालले आहे, आणि माकोची बस धरली. कांदे तिथलेच चांगले, त्यामुळे खोटं काही नव्हतं. वाटेत मी भाषण तयार केलं. "अहो तिवादार बाची, तुम्ही पुरुष आहात की पाढ्यांचं पुस्तक?" अशी त्याची सुरुवात होती.

दार बहिणीने उघडलं. वेरोनका तिचं नाव, गोल चेहऱ्याची, ऐकायला थोडी कमी. काळे कपडे बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, आमच्याकडे अर्ध्या म्हाताऱ्या काळ्यातच असतात.

"मी सेगेदहून आले. इल्मा बाईंच्या इमारतीतून. तिवादार बाची आहेत का?"

तिने माझा हात धरला, आत नेलं, खुर्चीवर बसवलं. मग म्हणाली, "नोव्हेंबरात गेला गं. कांद्याच्या वेण्या बांधता बांधता. पाणी दे म्हणाला, मी पाणी घेऊन आले, तर संपलं होतं."



"पण कार्डं?" मी विचारलं. "कार्डं तर गेल्या शनिवारपर्यंत आलीत."

"ती मी पाठवते." ती ओशाळली. "मला त्यातलं काही कळत नाही बाई. तो गेला त्याच आठवड्यात तुमच्या बाईंचं कार्ड आलं. आता कळवायचं तर काय कळवू? तो त्यांचा कोण लागतो, हेही मला माहीत नाही. त्यावर जो आकडा होता तोच मी दुसऱ्या कार्डावर उतरवला आणि टाकला पेटीत. म्हटलं, पुढच्या वेळी कळवीन. पुढच्या शनिवारी परत त्यांचं कार्ड. या दारात टपाल येतं ते तेवढंच. मी कळवलं आणि ते यायचं बंद झालं तर, असं वाटलं. त्या जो आकडा लिहितात तो मी उतरवते. चुकलं का माझं?"

"नाही," मी म्हटलं.

तिने मला मसाल्याचं सूप वाढलं, बाहेरचे कांदे दाखवले, आणि बोलत राहिली. तिला बोलायला कुणी नव्हतं. "उन्हाळाभर मी त्याला म्हणत होते, अरे एवढं राहिलंय तर करून टाक एकदाचं. तर म्हणायचा, 'माझं झालंय वेरोनका, आता त्यांचं उत्तर यायचंय.' शनिवारी दाढी करून फाटकाशी उभा राहायचा. मागची खोली पांढरी करून घेतली, दुसरी खाट आणली. मी म्हटलं, कुणासाठी? तर म्हणाला, 'बघू, उत्तर आल्यावर.' आलं का गं ते उत्तर?"

मी ताटावरची मान वर केली नाही. कांद्याच्या दोन वेण्या घेतल्या, तिने पैसे घेतले नाहीत, आणि मी बसमध्ये बसून सेगेदपर्यंत रडले. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, कांदे खाली ठेवा." मूर्ख मेला.

सांगायचं कसं, याचा विचार मी सगळी वाट करत होते. नेनींच्या दारात पोचले आणि त्या उघडून समोर उभ्या राहिल्या. एक माणूस डोनकाठी राहिला, त्याची अजून वाट बघून झाली नाही, आणि आता हे मी सांगू? मला नाही जमलं. माझ्या तोंडातून जे निघालं ते असं: "कांदे आणलेत. आणि जाता जाता माकोत तिवादार बाचींना भेटले."

नेनी माझ्याकडे बघत राहिल्या.

"कसे आहेत?"

"छान आहेत. म्हणाले," आणि इथे मी जीभ सोडली ती सोडलीच, "म्हणाले, इल्मांना सांगा, आधी तुम्ही सांगा. मी वाट बघतोय. या वेळी तुम्ही आधी सांगितलं तरी चालेल, असं म्हणाले."

"असं म्हणाले?"

"अगदी अस्सं."

त्यांनी कांदे घेतले, खुंटीला लावले. "तूच माझ्यासाठी गेलीस," म्हणाल्या, "एवढ्या लांब." आणि त्या दुपारी, कित्येक महिन्यांनी, केसांतली पेन्सिल काढून भागायला बसल्या. मी दारातूनच बघितलं. उत्तर माहीत असलेला भागाकार त्यांनी पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत पूर्ण केला. खाली बाकी शून्य आली. मग कार्ड घेतलं आणि त्यावर लिहिलं ९९९८९. खाली, थोडं थांबून, आपलं नाव. सहा-सात वर्षांत नाव लिहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

ते कार्ड मी स्वतः पेटीत टाकलं.  आणि सांगते, परत तशी वेळ आली तर परत तेच खोटं बोलेन.

पुढच्या शनिवारी टपालवाली आली आणि म्हणाली, "आकडा हलला गं बाई तुमचा!" कार्डावर ९९९८९ होतं. वेरोनकाने नेहमीसारखं उतरवलं होतं, गोल गोल, शाळेतल्या पोरीसारखं. नाव मात्र नव्हतं. दुसऱ्याचं नाव कसं उतरवायचं, असं तिला वाटलं असेल.

मी ते वर घेऊन गेले. नेनींनी टेबल आधीच पुसून ठेवलं होतं. त्यांनी आपला भागाकाराचा कागद माझ्या पुढ्यात ठेवला, त्याच्या शेजारी ते कार्ड ठेवलं, आणि खुर्ची मागे सरकवून हात मांडीवर घेऊन बसल्या.

"तिसरं कुणी राहिलेलं नाही," म्हणाल्या. "तू बघ. मिळतात का?"

मी आधी कागदावर बोट फिरवलं, मग कार्डावर. नऊ, नऊ, नऊ, आठ, नऊ. आणि मग जे व्हायचं तेच झालं. "मिळतात," म्हणायला गेले आणि हुंदकाच फुटला. मला आवरेचना. इमारतीतल्या सगळ्यांना दमात घेणारी मी, तिथे नेनींच्या टेबलावर डोकं ठेवून पोरासारखी रडले.

नेनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा हात थंड होता.

"पुरे आता," म्हणाल्या. "मला नोव्हेंबरापासून माहीत आहे. त्याच्या साताला मधे आडवी रेघ असायची. त्या शनिवारी रेघ नव्हती. आधी म्हटलं, हात दुखावला असेल. हिवाळाभर मी तेच म्हणत राहिले. तू कांदे घेऊन दारात उभी राहिलीस तेव्हा मात्र तुझं तोंड बघून काही म्हणायला जागा राहिली नाही."

"मग पाठवलंत कशाला हे?" मी ओरडलेच. "तिथे वाचायला कुणी नाही, हे माहीत होतं ना?"

"माहीत होतं." त्या कार्डाकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. "पण मला कुणी कधी 'आधी तू सांग' म्हटलंच नव्हतं, बोर्चा. ना नवऱ्याने, ना त्याने. तू खोटं का होईना, म्हटलंस. आणि हे अक्षर त्याच्या बहिणीचं आहे, तेही मला दिसतंय. पण तो असता तर त्याने हेच लिहिलं असतं. उत्तर त्याचंही हेच होतं. मी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं."